कोल्हापूरहून आगाशिवची लेणी: एका दिवसात नीट बघायची असतील तर

आपल्याकडं पाहुणे आले की यादी ठरलेली असते, अंबाबाई, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा, वेळ उरला तर नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर. सगळं चांगलंच आहे, त्यात वादच नाही. पण हायवेनं पुण्याला जाताना कराड यायच्या जरा आधी डाव्या हाताला जो डोंगर दिसतो ना, त्या आगाशिवच्या पोटात साधारण २००० वर्षांपूर्वीचा अख्खा मठ कोरलेला आहे, भिक्खूंच्या राहायच्या खोल्या, झोपायचे ओटे, पाण्याची टाकी, पूजेचा स्तूप सगळं, आणि आपण शंभर वेळा त्याच्या शेजारून गाडी दामटत जातो. मी स्वतः लग्नानंतर कितीतरी वर्षं तेच केलंय. नंतर एकदा गेले आणि मग जातच राहिले, सहा-सात खेपा तरी झाल्या असतील, कधी घरच्यांना घेऊन, कधी मैत्रिणींबरोबर. प्रत्येक वेळी कोण ना कोण विचारतं की कसं जायचं, काय बघायचं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर निराशा नको. अजिंठा-वेरूळ डोक्यात ठेवून जाऊ नका. इथं चित्रं नाहीत, मोठमोठ्या मूर्ती नाहीत, कार्ल्याच्या चैत्यासारख्या खांबांच्या रांगा पण नाहीत. डोंगराचा दगड भरड आहे, त्यात बारीक नक्षी टिकतच नाही. बरेच जण वर जातात, दहा मिनिटं इकडं तिकडं बघतात, "नुसत्या गुहाच आहेत की" म्हणतात, सेल्फी काढतात आणि उतरतात. मला वाईट वाटतं त्याचं. कारण इथं बघायची गोष्ट नक्षी नाहीच, इथं बघायचंय ते घर. माणसं कशी राहत होती, कुठं झोपत होती, पाणी कुठनं घेत होती, पावसात काय करत होती, ते इतकं स्पष्ट दिसतं की दुसरीकडं कलाकुसरीच्या नादात आपलं तिकडं लक्षच जात नाही. हे डोक्यात ठेवून गेलात तर तीन तास पण कमी पडतील.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बास. त्यातही दिवाळीनंतरचे पंधरा-वीस दिवस सगळ्यात भारी, गवत अजून हिरवट-पिवळं असतं, टाक्यांत पाणी असतं, हवा स्वच्छ असते आणि वरनं कोयनेचं खोरं लांबपर्यंत दिसतं. थंडीत जायला अजून एक कारण आहे जे मला बऱ्याच उशिरा कळलं. पायथ्याच्या जखिणवाडी गावाच्या बाजूची बरीचशी लेणी दक्षिणेकडं तोंड करून आहेत. थंडीत सूर्य दक्षिणेकडनं खालून खालून जातो, त्यामुळं सकाळचं ऊन पार आत भिंतीपर्यंत पोचतं, छिन्नीची एकेक रेघ उठून दिसते. तेच एप्रिल-मे मध्ये सूर्य डोक्यावर, बाहेर डोळे दिपतात आणि आत काळोख. एकदा मे महिन्यात आम्ही दोन बाटल्या पाणी घेऊन बारा वाजता चढायला लागलो होतो, माझ्या आत्याला अर्ध्यावर चक्कर आली, सावलीला बसवून डोक्यावर ओला टॉवेल ठेवला तेव्हा कुठं तिला बरं वाटलं. त्यानंतर उन्हाळ्यात तिकडं कुणाला नेलं नाही आणि तुम्हीपण नेऊ नका.

पावसाळ्यात डोंगर दिसतो फार सुंदर पण शेवाळलेल्या दगडावरनं पाय सटकतो आणि लेण्यांच्या समोरची जागा काही ठिकाणी अगदी चिंचोळी आहे. लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर नकोच. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला माथ्यावरच्या आगाशिव महादेवाला गर्दी असते, देवाला जायचं असेल तर जरूर त्या दिवशी जा, लेणी बघायची असतील तर दुसरा दिवस धरा.

कसं जायचं

कोल्हापूर ते कराड साधारण ७०-७५ किमी. स्वतःची गाडी असेल तर सकाळी सहाला तावडे हॉटेलच्या चौकातून बाहेर पडा, शिरोली, किणीचा टोल, वारणेचा पूल, पेठ नाका, कासेगाव आणि मग मलकापूर. मलकापूर म्हणजे कराडला चिकटून असलेलं, आपलं शाहूवाडीचं नव्हे, जीपीएसला नाव टाकताना तेवढं बघा, आमच्या एका पाहुण्यांची गाडी बांबवड्यापर्यंत जाऊन परत आली होती. नकाशावर सरळ जखिणवाडी टाका म्हणजे घोळ होत नाही. हायवेच्या रुंदीकरणाच्या कामामुळं सर्व्हिस रोडची वळणं बदलत असतात, त्यामुळं कराडच्या अलीकडं आलात की स्पीड कमी करा आणि पानपट्टीवर, टपरीवर कुणालाही जखिणवाडीचा रस्ता विचारा, लोक अगदी हात करून दाखवतात. फाटा चुकला तर उलटं यायच्या भानगडीत पडू नका, पुढं जाऊन वळून या.

एसटीनं जायचं असेल तर सीबीएसवरनं, म्हणजे कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरनं, साताऱ्याची, स्वारगेटची कुठलीही गाडी कराडवरनंच जाते. फक्त चढायच्या आधी कंडक्टरला विचारून घ्या की गाडी कराड स्टँडात जाणार की हायवेलाच सोडणार. आपल्याला खरं तर हायवेलाच उतरणं सोयीचं, तिथून जखिणवाडीला रिक्षा मिळते, परतायची वेळ पण त्याच रिक्षावाल्याला सांगून ठेवा आणि नंबर घ्या. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांच्या वरच्यांना मोफत, आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेचा विचार करू नका, कोल्हापूरहून मिरज-सांगली असा वळसा घालून जाते आणि कराडचं स्टेशन आहे ओगलेवाडीला, तिथून परत रिक्षा करून गावात या आणि मग डोंगराकडं, निम्मा दिवस त्यातच जातो.

बरोबर काय घ्यायचं

पाणी माणशी किमान दोन लिटर, वर दुकान नाही, नळ नाही. लेण्यांतल्या टाक्यांचं पाणी पिऊ नका, कितीही निवळशंख दिसलं तरी. टॉर्च वेगळा घ्या, मोबाईलचा लाईट आतल्या खोलीत पुरत नाही आणि बॅटरी खातो ते वेगळंच. पायात ग्रिप असलेले बूट, आपल्या कोल्हापुरी चपला घरी ठेवा, मुरमाड उतारावर त्या घसरतात. टोपी, एखादी साधी पट्टी नाहीतर टेप (कशाला ते पुढं सांगते), एक जुनी चादर बसायला. खायला मी ज्वारीची भाकरी, सुका झुणका, मिरचीचा खर्डा आणि कांदा बांधून घेते, भाकरी कापडात गुंडाळली की दुपारपर्यंत मऊ राहते. दही डब्यात नको, गाडीत सांडतं, ताकाची बाटली बरी. कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी घ्याच घ्या.

बायकांसाठी सरळ सांगते, वर बाथरूमची सोय धरू नका, हायवेवर पेठ नाक्याच्या आसपास एखाद्या चांगल्या हॉटेलात चहाला थांबा आणि तिथंच जाऊन घ्या.

आणि एक महत्त्वाचं, अत्तर, सेंट, भडक वासाचं तेल लावून जाऊ नका. अशा कड्यांवर आग्या मोहोळं बसतात. एकदा आमच्यासमोरच एका ग्रुपनं खालच्या अंगाला चूल पेटवली, धूर वर गेला आणि माश्या उठल्या. आम्ही सहा-सात जण एका खोलीत अगदी कोपऱ्यात जाऊन खाली बसलो, ओढण्या डोक्यावरनं घेऊन, अर्धा तास कुणी हललं नाही. त्या ग्रुपमधल्या दोन पोरांना चावल्या होत्या आणि त्यांना खाली नेईपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. वर पोचलात की पहिल्यांदा कड्याकडं मान वर करून बघा, काळं लोंबणारं पोळं दिसलं तर त्याच्या खाली थांबू नका, आरडाओरडा नको, विडी-सिगरेट तर अजिबातच नको.

चढायला लागल्यावर

गाडी गावात कुणाच्या दारात आडवी न लावता मोकळ्या जागेत लावा. वाट गावातूनच वर जाते. जखिणवाडीकडनं चढायला साधारण अर्धा-पाऊण तास धरा, सवय नसलेल्यांना तास. थांबत थांबत जा. अर्ध्यावर आलात की एकदा मागं वळून बघा, कारण ही जागा का निवडली याचं उत्तर तिथंच आहे.

खाली कराड दिसतं. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भिडतात, एक उत्तरेकडनं, एक पश्चिमेच्या खोऱ्यातनं. नदीकाठचं सुपीक गाव, वर्षभर पाणी, आणि इथून पश्चिमेला कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, म्हणजे कोकणातल्या बंदरांची वाट. देशावरनं माल खाली जायचा, बंदरातनं वर यायचा, त्या वाटेवर कराड. व्यापारी गाव असलं की दान देणारे असतात, धान्य असतं, भिक्षा मिळते. भिक्खूंना गावात राहायचं नसतं पण गावापासून फार लांब पण चालत नाही, कारण सकाळी भिक्षापात्र घेऊन गावात जायचं आणि दुपारच्या आत जेवण उरकायचं, दुपारनंतर खायचं नाही असा नियम. मग काय, गावाचा कालवा कानावर येणार नाही इतकं लांब आणि भिक्षा घेऊन वेळेत परत येता येईल इतकं जवळ, अशी जागा म्हणजे हा डोंगर. तुम्ही आत्ता जे चढताय ते त्यांचं रोजचं होतं, हातात भरलेलं पात्र घेऊन.

आणि पावसाळ्यातलं वेगळंच. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी राहायचं, त्याला वर्षावास म्हणतात. आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे. त्या तीन महिन्यांसाठी कोरडी, पक्की जागा पाहिजे म्हणून डोंगर कोरले, ही लेण्यांच्या मागची मूळ गरज.

कराडचं जुनं नाव करहाकट किंवा करहाकड. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहुतचा जो स्तूप होता त्याच्या दगडी कठड्यावर करहाकटच्या लोकांनी दान दिल्याचं कोरलेलं आहे आणि ते हेच कराड असं अभ्यासक मानतात. इथून भारहुत म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर, आणि त्या काळात इथल्या माणसांचं दान तिथं पोचत होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होते.

काय बघायचं आणि कसं

सगळी मिळून ६० च्या वर लेणी आहेत, तीन गटांत पसरलेली. एक जखिणवाडीच्या बाजूला, एक आग्नेयेकडच्या घळीत आणि एक कोयनेच्या खोऱ्याकडं तोंड करून. एका दिवसात तिन्ही गट होत नाहीत आणि वाटाही सगळीकडं सोप्या नाहीत. पहिल्यांदा जाणाऱ्यानं फक्त जखिणवाडीचा गट नीट बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. बाकीच्या दोन गटांना जायचं असेल तर गावातला माहितगार माणूस बरोबर घ्या, आपल्या मनानं गवतातनं घुसू नका.

आता क्रम. बहुतेक लोक सगळ्यात मोठं लेणं बघायला धावतात. तसं करू नका, सगळ्यात लहान खोलीपासून सुरुवात करा.

एकट्या भिक्खूची खोली असते ती. आत जाताना वाका, क्षणभर थांबा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, वटवाघळं असतील तर टॉर्च एकदम छताकडं मारू नका. मग भिंतीकडं बघा, एका बाजूला दगडात कोरलेला ओटा दिसेल. तोच पलंग. आता ती टेप काढा. माझा भाचा पाचवीत होता तेव्हा त्याला मी हेच करायला लावलं, ओट्याची लांबी मोज, रुंदी मोज, खोलीची मोज, वहीत लिही. मोजून झाल्यावर तो स्वतःच ओट्यावर जाऊन आडवा झाला आणि म्हणाला, मामी, इथं कूस बदलायला पण जागा नाही गं. अगदी बरोबर बोलला पोरगा. उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून झोपायची जी रीत आहे, सिंहशय्या म्हणतात तिला, तशा झोपलेल्या माणसाला तो ओटा बरोबर पुरतो. त्या दिवशी आम्ही दोघं त्या खोलीत वीस मिनिटं नुसते बसलो होतो. बाहेर ऊन चटचटत होतं आणि आत दगड गार, हाताला ओलसर लागत होता, आणि बाहेरच्या गवतातल्या टोळाचा आवाज आत घुमून मोठा व्हायचा. तो एरवी पाच मिनिटं मोबाईलशिवाय बसत नाही.

मग दार बघा. चौकटीजवळ वर आणि खाली भोकं, खोबणी दिसतात का शोधा. लाकडी दार, लाकडी चौकट बसवायला असं करायचे. लाकूड कधीच गेलं, भोकं राहिली. म्हणजे थंडी-वाऱ्याला, पावसाच्या झडीला ही माणसं दार लावून घेत होती. हे कळलं की ती गुहा राहत नाही, खोली होते.

दुसरं पाणी. टाकीला जुन्या शिलालेखांत शब्द आहे पोढी. आणि लेण्याला लेण, म्हणजे आपण आज बोलतो तोच शब्द, २००० वर्षं तोंडात आहे आपल्या. टाकी बहुतेक लेण्याच्या तोंडाशी नाहीतर शेजारी असते. तिच्या वरच्या कातळाकडं बघा, पावसाचं पाणी खाली ओघळताना ते आत खोलीत न जाता टाकीकडं यावं म्हणून कुठं पन्हळ, कुठं चर खोदलेली आहे का ते शोधा. पोरांना हे शोधायला द्या, त्यांना फार आवडतं. टाकीत दगड, बाटल्या टाकणाऱ्यांना मी तिथंच बोलते, कुणाला राग आला तरी चालेल.

मग विहार, म्हणजे मधे मोकळी खोली आणि तिच्या भिंतींतून आत निघालेल्या लहान खोल्या. मध्ये बसायचं, बोलायचं, पाठांतर करायचं, आणि आपापल्या खोलीत झोपायचं. जुन्या वाड्यातला चौक आणि भोवतीच्या खोल्या आठवा, रचना साधारण तशीच. भिंतीवर टॉर्च सरळ न मारता बाजूनं, भिंतीला चिकटवून मारा, लगेच छिन्नीचे तिरके घाव दिसायला लागतात. एखादं लेणं अर्धवट सोडलेलं दिसलं तर त्याला जास्त वेळ द्या. ही लेणी वरनं खाली कोरत जायचे, आधी छत पूर्ण करायचं आणि मग खाली उतरायचं, त्यामुळं मचाण बांधायची गरज पडत नव्हती. अर्धवट लेण्यात वरचा भाग सपाट आणि खालचा दगड तसाच ओबडधोबड दिसतो, तिथं सगळी पद्धत उघडी पडते.

सगळ्यात शेवटी चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं लेणं. पाचव्या क्रमांकाचं लेणं चुकवू नका. स्तूपाचा खालचा गोल भाग म्हणजे मेधी, वरचा घुमट म्हणजे अंड, त्याच्यावर चौकोनी हर्मिका आणि तिच्यावर छत्र. बुद्धाची मूर्ती नाही, कारण हा सुरुवातीचा काळ, तेव्हा मूर्ती करत नव्हते, स्तूप हेच पूजेचं ठिकाण. दर्शनी बाजूला एका खांबावर चक्र आहे आणि दुसऱ्यावर सिंह, झिजलेत पण ओळखू येतात. एवढ्या साध्या डोंगरात तेवढंच काय ते शिल्प, म्हणून तिथं घाई करू नका. चक्र म्हणजे धम्मचक्र, आणि सिंह आपल्याला नोटेवर रोज दिसतात ते सारनाथचे, त्याच परंपरेतले.

इथं बूट बाहेर काढा. बोर्ड असो नसो. बौद्ध उपासक अजूनही इथं येतात, मेणबत्ती लावतात, त्रिशरण म्हणतात. ते चालू असेल तर बाजूला शांत बसा, मधनं फोटोसाठी फिरू नका. प्रदक्षिणा घालायची असेल तर स्तूप उजव्या हाताला ठेवून, आपल्या देवळातल्यासारखीच. तिथं बसून कुणीतरी हळू आवाजात "बुद्धं सरणं गच्छामि" म्हटलं ना, तर आवाज छतापर्यंत जाऊन परत अंगावर येतो, मी ऐकलाय तो, काटा येतो.

शिलालेख किती आहेत असं सगळे विचारतात. जुन्नर, नाशिक, कान्हेरीसारखे इथं नाहीत. वाचता आलेला जो आहे त्यात गोपाळाचा मुलगा संघमित्र यानं लेणं दान दिल्याचं लिहिलंय. राजा नाही, सेनापती नाही, फक्त बापाचं नाव आणि स्वतःचं नाव. अक्षरं फार झिजलीत, त्यामुळं ते शोधण्यात वेळ घालवू नका, आणि दगडावर खडू, पाणी, पावडर काही लावून अक्षर उठवायचा प्रयत्न तर कधीच करू नका.

नावावरनं आठवलं. आतल्या भिंतींवर बदाम, बाण, कुणाकुणाची नावं, रंगानं आणि खिळ्यानं कोरलेली, बघून पोटात कालवतं. ही संरक्षित स्मारकं आहेत, असं काही केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, असा कायदा आहे. आपल्या बरोबरच्या पोरांना खाली गाडीतच हे सांगून ठेवा.

या लेण्यांची पहिली नोंद इंग्रजीत छापून आली ती १८४९ ला, इंग्रज अधिकारी बार्टल फ्रिअर तेव्हा साताऱ्याला होते, त्यांनी लिहिलेली. पुढं जेम्स बर्जेस या लेण्यांच्या अभ्यासकानं सगळी लेणी मोजून त्यांना क्रमांक दिले. पण गावातल्या लोकांना ही कधी नव्यानं सापडली वगैरे नव्हती हं, गुराखी आणि महादेवाला जाणारे भाविक पिढ्यान् पिढ्या इथं सावलीला थांबत आलेत.

उतरल्यावर

बाराच्या आत खाली या. भाकरी वर खाऊ नका, खाली एखाद्या झाडाखाली बसा, वर खरकटं पडलं की माकडं, कुत्री येतात. ज्यांच्यानं चढवणार नाही अशी घरची मोठी माणसं बरोबर असतील तर त्यांना सकाळी आधी कराडात प्रीतिसंगमावर सोडा. आमच्या सासूबाई तिथंच बागेत बसतात, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीला नमस्कार करतात, आणि आम्ही येईपर्यंत शेजारच्या चार बायकांची सगळी माहिती काढून ठेवतात. दुपारी आपणही तिथंच जायचं. सकाळी डोंगरावरनं ज्या दोन नद्या रेघेसारख्या दिसत होत्या त्या आता पायाशी असतात, घाटाच्या पायरीवर बसून आगाशिवचा डोंगर परत बघा. काठावरनं बघा, पाण्यात उतरू नका, कोयनेचं पाणी सोडलं की प्रवाह एकदम वाढतो.

वेळ असेल तर गावातली नकट्या रावळाची विहीर बघा, पायऱ्यापायऱ्यांची जुनी भव्य विहीर आहे. नसेल वेळ तर राहू दे, लेण्यांचा वेळ कापून तिकडं जाऊ नका. संध्याकाळी पाचच्या आत कोल्हापूरकडं निघा, उसाच्या सीझनला ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि अंधार पडल्यावर मागचा लाईट नसलेली ट्रॉली अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही.

ज्यांना एवढं लांब आधी नको वाटतंय, त्यांनी सुरुवात जोतिबाच्या पायथ्याच्या पोहाळ्याच्या लेण्यांपासून करा, घरापासून तासाभराच्या आत आहे, तिथंही खांबांचं दालन आणि भिक्खूंच्या खोल्या आहेत, डोळा तयार होतो.

आणि आगाशिवहून आल्यावर पुढच्या आठवड्यात एक करा, आपल्या टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जा. सीपीआर हॉस्पिटलच्या समोर, रोज त्याच्यावरनं जातो आपण. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी खोदकाम केलं, सातवाहन काळातलं विटांच्या घरांचं कोल्हापूर तिथं सापडलं. आणि ब्रह्मपुरीलाच सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती या म्युझियममध्ये आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, एक हात वर उचललेला. समुद्रापलीकडनं आलेली ती मूर्ती घाट चढून पंचगंगेच्या काठाला पोचली, त्याच काळात आगाशिवच्या खोल्यांत माणसं राहत होती आणि कराडच्या बाजारातनं भिक्षा घेऊन तो डोंगर चढत होती. मूर्ती लहान आहे, पटकन नजरेतनं सुटते, त्यामुळं आत गेल्या गेल्या तिथल्या माणसाला विचारा. सोमवारी जाऊ नका, बंद असतं.